पाटणकर मॅडमची पुस्तकं आणि आमची वाटणी

मी आज जो कोणी आहे तो पाटणकर मॅडममुळे आहे, आणि आमच्या घरात जमिनीची वाटणी व्हायची वेळ आली तीही त्यांच्यामुळेच.

मॅडमनी मला कॉलेजात इंग्रजी शिकवलं. आमच्या घरात त्याआधी बारावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. थोरल्या दादानं शाळा सोडून नांगर धरला म्हणून मी कॉलेजचा उंबरा ओलांडला, आणि आत गेल्यावर हात धरला तो मॅडमनी. त्यामुळे त्यांचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. एकदा त्या म्हणाल्या, "शब्दकोश उशाशी असावा." मी तो उशीच्या जागीच ठेवला. (मान कितीतरी दिवस डावीकडेच बघत होती!)

निवृत्त झाल्यावर मॅडम लेकीकडे अमेरिकेत, युटा राज्यात राहायला गेल्या. गेल्या वर्षी त्यांनी कोणाच्या तरी सामानातून माझ्यासाठी पुस्तकांचं खोकं धाडलं आणि फोनवर सांगितलं, की तिथल्या वाचनालयात त्यांना दोन नवी कपाटं सापडली आहेत. एकात माणसाला उभारी देणाऱ्या, श्रद्धेच्या कादंबऱ्या. शेजारच्या कपाटात मॉर्मन लोकांच्या कादंबऱ्या. तसल्याच काही विकत घेऊन त्यांनी खोक्यात भरल्या होत्या. मॉर्मन हा तिकडचा एक ख्रिस्ती पंथ.

"विद्वान लोक या पुस्तकांना नाक मुरडतात," मॅडम म्हणाल्या. "तू वाच आणि मला खरं काय ते सांग. पण पाहुण्यासारखं वाचू नकोस. घरच्यासारखं वाच."

झालं! मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो, पण अमेरिकेहून पुस्तकं येऊन माझं मत विचारलं जाण्याची ही पहिलीच वेळ. मत चुकलं तर? मॅडमना वाटलं, की एवढं शिकवून पोरगं कोरडंच राहिलं, तर?

पहिल्या कपाटातल्या कादंबऱ्या सोप्या निघाल्या. माणसाचं सगळं जातं, तो देवाशी भांडतो, मग देवाजवळ बसतो आणि शेवटी त्याला काहीतरी मिळतं. मुखपृष्ठावरच्या उगवत्या सूर्यावरून शेवट कळलेला असतो, तरी मधे जीव टांगणीला लागतोच. सप्त्यातल्या कीर्तनासारखं. गोष्ट माहीत असते, तरी कोणी उठून जात नाही.

मॉर्मन कादंबऱ्यांनी मात्र मला घोळात घेतलं. त्यांतली घरं माणसांनी भरलेली. कोणी आजारी पडलं की शेजारीपाजारी जेवणाची भांडी घेऊन हजर. अगदी भावकी, फक्त भांडण नसलेली. ही माणसं चहा-कॉफी घेत नाहीत, महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करतात, आणि सोमवारी संध्याकाळी सगळं घर एकत्र बसून गप्पा, गोष्टी, गाणी करतं. 'घरच्यासारखं वाच' हे मॅडमचं वाक्य कानात होतंच. मी ठरवलं, एक महिना आपण या घरातल्यासारखं राहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी चहा पुढे केला. मी म्हणालो, "नको."

आता आमची वस्ती देवळाली प्रवऱ्याच्या बाहेर, उसाच्या रानात. तिथे माणूस ताप आला तरी चहा घेतो, उतरला तरी घेतो. घरातल्या माणसानं घरचा चहा नाकारणं याला आमच्याकडे एकच अर्थ आहे. आमच्या घरात याआधी चहा एकाच माणसानं सोडला होता, धाकट्या चुलत्यांनी. त्यानंतर काही दिवसांतच अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली, ती अजून आहे. मला हे ठाऊक होतं. पण माझं डोकं तेव्हा युटात होतं.

आईनं वहिनींना विचारलं, काय बोललीस त्याला. वहिनींनी दादाला विचारलं, मी काय बोलले. दादा फवारणीचा पंप पुसत बसला. दुसऱ्या दिवशी चहात आलं पडलं, तिसऱ्या दिवशी वेलदोडा. मी दोन्ही दिवस हात जोडले.

मग पहिला रविवार आला. घरात मटण शिजत होतं आणि मी जाहीर केलं, की मी आज उपाशी राहणार आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातातली भाकरी खाली ठेवली. मटणावर रुसणारा माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

त्याच संध्याकाळी मी शेवटचा बाँब टाकला. म्हणालो, "उद्या नाही, पुढच्या सोमवारी संध्याकाळी सात वाजता सगळ्यांनी एकत्र बसायचं. मोबाईल बंद ठेवा. मला सगळ्यांशी बोलायचंय."

शिकलेला धाकटा मुलगा सगळ्यांना एकत्र बसवतो तेव्हा तो काय मागतो, हे आमच्या पंचक्रोशीत शेंबड्या पोराला कळतं. कळलं नाही ते एकट्या पदवीधराला!

तो आठवडा मी भयंकर काळजीत काढला. या माणसांना इंग्रजी कादंबरी रुचेल का? माझी फजिती होईल का? घरातही हालचाल दिसत होती. आई माळ्यावरची पितळी भांडी काढून त्यांचे दोन ढीग लावत होती. अण्णा बांधाबांधानं एकटेच फिरत होते. दादानं ट्रॅक्टर धुतला आणि त्याच्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, माझ्या कार्यक्रमासाठी घर उत्साहानं तयारीला लागलंय. मन भरून आलं.

सोमवारी सातच्या आधीच तात्या येऊन बसले. तात्या हे अण्णांचे चुलतभाऊ. भावकीतल्या प्रत्येक वाटणीला पंच म्हणून तेच असतात. त्यांच्या मांडीवर मोजणीची टेप होती. साहित्यासाठी एवढ्या लांबून माणूस येतो म्हणून मी त्यांच्या पाया पडलो. तात्या आशीर्वाद देताना अण्णांकडे बघून हळूच म्हणाले, "गोड बोलून घेनार, बघ."

मी पुस्तक पाठीमागे लपवून उभा राहिलो. म्हणालो, "आपल्या घरात जे आजवर नीट झालं नाही, ते आज करू या."

आईनं पदर तोंडाला लावला. अण्णा खाली बघू लागले. आणि आठवडाभर न बोललेला दादा बोलला.

"हिरीकडचं रान तू घे."

"मी?"

"माळावर पान्याची पाळी धरायला रातीचं जागावं लागतं, तुला जमायचं न्हाई. हिरीकडं पानी जवळ हाय. मी माळाचं बघतो."

विहिरीकडचं रान म्हणजे आमच्या जमिनीचं काळीज. दादानं त्यातला दगडन् दगड स्वतः वेचलेला. मी विचारलं, "पण कशासाठी?"

"वाटणीत," तात्या म्हणाले. "आता लाजतो कशाला?"

मग मला सगळं एकदम दिसलं. भांड्यांचे ढीग, धुतलेला ट्रॅक्टर, टेप. मी पाठीमागचं पुस्तक पुढे केलं आणि जीव तोडून सांगितलं, की मला जमीन नको, मला फक्त गोष्ट सांगायची होती.



"मग च्या का सोडला?" अण्णांनी विचारलं.

"यातली माणसं घेत नाहीत म्हणून."

वहिनी उठल्या. आत स्टोव्ह पेटल्याचा आणि भांडी आपटल्याचा आवाज आला. त्यांनी कप माझ्यापुढे असा ठेवला, की निम्मा चहा बशीत आला. "घ्या भावजी," त्या म्हणाल्या, "न्हाईतर ह्या घरात मी तरी ऱ्हाईन, न्हाईतर ती पुस्तकं." महिना पुरा झाला नव्हता. मी बशीसकट प्यायलो.

दादा अंगणात जाऊन तोंड धुऊन आला. बराच वेळ धूत होता.

तात्या मात्र उठेनात. एवढ्या लांब आलोय तर त्यात काय लिवलंय ते तरी सांग म्हणाले. मी सांगायला घेतलं: छळ झाला म्हणून घरदार सोडून निघालेली माणसं, बायकापोरं बरोबर, सगळा संसार हातगाड्यांवर घालून माळामाळानं, बर्फातून ओढत नेणारी. ऊसतोडीच्या हंगामात गाड्यांवर संसार घालून येणारी माणसं आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची. सगळं घर पुढे सरकून ऐकू लागलं.

"बैलं का न्हाई जुपली?" अण्णांनी विचारलं.

"पैसे नव्हते."

"कुनाची तरी मागून घ्यायची," अण्णा म्हणाले आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं.

दोन दिवसांनी मी मॅडमना पत्र पाठवलं. ते असं:

'आदरणीय मॅडम, सा. न. वि. वि.

पुस्तकं वाचली. तुम्ही खरं सांग म्हणालात म्हणून सांगतो. ही माणसं फार चांगली आहेत, कधी कधी जरा जास्तच. पण संकटात ती एकमेकांसाठी जे करतात ते मला आधी खोटं वाटायचं. आता वाटत नाही. तसं बोलणारा एक माणूस आमच्याच घरात निघाला, आणि त्यानं यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही.

सोमवारची बैठक चालू राहणार आहे. हातगाडीवाले पोचले की नाही, या काळजीनं अण्णांना झोप नाही. तात्या टेप न आणता येतो म्हणालेत.

दोन विनंत्या आहेत. पुढच्या खोक्यात शक्यतो चहा पिणाऱ्या माणसांच्या कादंबऱ्या असाव्यात. आणि 'घरच्यासारखं वाच' असं एखाद्या विद्यार्थ्याला सांगण्याआधी त्याच्या घरच्यांना विचारून घ्यावं.

आपला आज्ञाधारक (यापुढे जरा बेतानं).'