हळदीकुंकू लावलेला डिव्हिडंड

माझ्या मोठ्या भावावर माझा राग आहे, आणि तो निवळावा अशी माझी इच्छाही नाही.

बाबांनी हातमाग सोडून कळमेश्वरच्या एका कारखान्यात नोकरी धरली होती. पोटाला चिमटा काढून त्यांनी कंपनीचे शेअर घेतले, तेही आईच्या नावावर. "हे विकाचे नाही," ते तिला सांगत. "भाव वाढू दे. दरवर्षी डिव्हिडंड येईन, तो तुह्या हातखर्चाले. कोनापाशी हात पसराचं काम नाही." बाबा गेले, आई दादाकडे राहिली आणि तिचं टपाल दादाच्या हाती लागलं.

दादा इतवारीत कापडाच्या दुकानात कामाला. शेठ लक्ष्मीपूजनाला हिशेबाच्या चोपड्या पूजेत मांडतो, हे पाहून यानेही घरी सुरू केलं. डिव्हिडंडचा कागद म्हणजे बँकेत भरायचा चेकच. तो पाकिटासकट देवघरात, वर हळद, कुंकू, झेंडू. दिवाळी संपली की पाकीट देवाच्या पेटीत. शेठ दुसऱ्या दिवसापासून त्याच चोपडीत धंदा लिहितो, हे मात्र याच्या टाळक्यात शिरलं नाही. आईने एकदा विचारलं, तर म्हणे, "घरात आलेली लक्ष्मी बाहेर काहून धाडाची? राहू दे, वाढून राहिली नं ते."

आणि आई? गुडघ्याच्या गोळ्या, ऑटोचं भाडं, नातीच्या वाढदिवसाचं पाकीट, सगळ्यासाठी याच्या तोंडाकडे बघायची. खिशात हात घालण्याआधी हा सुस्कारा टाकायचा. इकडे मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून पानठेल्यावर ज्ञान वाटणं चालूच. "डिव्हिडंडवाला शेअर म्हंजे दुभती म्हैस आहे गा!" एका वर्षाचं दूध ज्याने काढलं नाही, तो माणूस हे सांगत होता.

लागोपाठ सात वर्षं डिव्हिडंड उचलला नाही, तर शेअरसुद्धा सरकारच्या निधीत जमा होतात. कंपनीने तशी सूचना पाठवली होती. कंपनीचं पाकीट म्हणून तिलाही हळदीकुंकू लागलं.

यंदा आई म्हणाली, "इतक्या वर्षांचं साचलं असंन. माह्या पैशानं माह्ये गुडघे करून टाकू." मी कंपनीत चौकशी केली. तिच्या नावावर एकही शेअर उरला नव्हता.

मी देवाची पेटी दादासमोर पालथी केली. त्याला काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "अक्कल विकून खाल्लीस का?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य.

"मी काय खाल्ले का ते पैसे?" तो उलटा माझ्यावरच ओरडला.

"खाल्ले असतेस तर बरं झालं असतं. कोणाच्या तरी पोटात गेले असते."

शेअर परत मागता येतात. पण अर्ज, प्रतिज्ञापत्र, जुन्या सहीशी जुळणारी सही, आणि मग वाट बघणं. आईला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय, तिची सही आता दोनदा सारखी येत नाही. तरी तिने चष्मा लावला आणि म्हणाली, "आण कागद."

स्टॅम्प पेपरला पाचशे रुपये हवे होते. मी पर्स उघडली.

"राहू दे वं," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्याले समजत नव्हतं. तू तं बँकेत होती. दर दिवाळीले त्या पाकिटाच्या पाया पडून जात होती."

तीस वर्षं मी काउंटरवर असले कागद हातात घेतले होते. पाकिटावरून नुसता हात फिरवला तरी आत काय आहे ते मला कळत होतं. सणासुदीला दादाच्या तोंडी लागायला नको, म्हणून मी चिवडा खाऊन घरी जात होते. मी पर्स मिटली.

आई दादाकडे वळली. "पाचशे रुपये देतो का गा?" तिने विचारलं.