शकीलाआपांचे नकोसे कोंबडे

शकीलाआपा गेल्याचा निरोप मला यवतमाळच्या बसस्टँडवर मिळाला. त्यांच्या मुलाचा, अन्वरचा फोन होता. मी मारेगावला पोचेपर्यंत दफन आटोपलं होतं. त्यांचं शिलाईचं दुकान आणि माझं बांगड्यांचं, मध्ये एकच भिंत. इतकी वर्षं शेजारी काढली आणि शेवटचं तोंडही दिसलं नाही...

बोंडअळीनं कपाशी नासवली त्या वर्षांतली गोष्ट. गावोगाव संस्था यायच्या, काहीतरी वाटायच्या, फोटो काढून जायच्या. अशाच एका संस्थेच्या साहेबांनी आपांना गाठलं. आसपासच्या खेड्यांतल्या बाया ब्लाउज शिवायला आपांकडेच येत, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं. बायांना अंड्यांच्या कोंबड्यांची पिल्लं फुकट मिळणार होती. आपांनी बाया जमवल्या. लेकरांच्या ताटात अंडं येईल या खुशीत त्यांनी वाटपाच्या दिवशी दुकानही उघडलं नाही.

दिवाळीपर्यंत पिल्लांना लाल तुरे फुटले आणि सगळी आरवू लागली. कोंबडी एकही नव्हती. अंड्यांच्या जातीतले नर उबवणीवाले फेकूनच देतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. फेकायचा माल आमच्या बायांना दान म्हणून आला होता! त्या जातीच्या नराच्या अंगाला मांस धरत नाही. खाटीक हातात घेऊन बघायचा आणि परत द्यायचा. दाणा मात्र पोटभर लागायचा. बाया दुकानासमोर येऊन नाही नाही ते बोलल्या. मी आपांना म्हटलं, यात तुमचा काय दोष, साहेबांना विचारू द्या त्यांना.

"त्याईनं साहेबाचं तोंड पाहून नाही घेतले, सुमन," आपा म्हणाल्या. "माह्या शब्दावर घेतले."

मग सुरू झाली त्या कोंबड्यांसाठी घरं शोधायची वणवण. कुणाकडे कोंबड्या आहेत पण नर मुंगसानं नेलाय, याचा आपा गिऱ्हाइकांकडून माग काढत. डालग्यात कोंबडे घालून ऑटोनं निघत. कधी मीही सोबत असे. बदल्यात एखादी तलंग, अंड्यावर येऊ घातलेली कोंबडी, मागून घेत आणि ज्या बाईचा कोंबडा, तिच्या दारात ती नेऊन सोडत. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, एका म्हाताऱ्यानं कोंबडा उलटापालटा करून पाहिला. "याच्या अंगात काही नाही," तो म्हणाला. मग आपांकडे बघून म्हणाला, "पण ठेवतो. तू उन्हाची आली." त्यानं तलंगही दिली. परतताना आपा ऑटोत डोळे पुसत होत्या.

अशा मागून आणलेल्या तलंगा अंडी घालू लागल्या, तेव्हा साहेब फोटोवाला घेऊन आले. आपांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "ह्या कोंबड्या तुमच्या नाही, साहेब. तुमचे सारे कोंबडे होते." साहेब हसले. त्यांनी आपांना हाताला धरून मधोमध उभं केलं.

तो फोटो पेपरात आला. साहेबांच्या बाजूला आपा, पुढ्यात अंड्यांची टोपली. संस्थेच्या पैशात आपांनी हात मारला, अशी कुजबूज सुरू झाली आणि ज्यांच्या दारात तलंगा चरत होत्या, त्यांनीच हळूहळू कपडे दुसऱ्या शिंप्याकडे टाकले. मी चिडले, आपांना म्हटलं, तुम्ही एक पैसाही घेतला नाही, हे एकदा सांगा सगळ्यांना. त्या म्हणाल्या, "जिच्या दारात कोंबडी फिरून राह्यली, तिले दिसत नाही काय?" पुढं छातीचं दुखणं त्यांनी अंगावरच काढलं. दफनाला त्या खेड्यांतून कुणी आलं नव्हतं, असं अन्वर म्हणाला. संस्थेनं मात्र श्रद्धांजलीत त्यांच्या 'यशस्वी कुक्कुटपालना'चा उल्लेख केला.

दुकान तेव्हापासून बंदच आहे. मागच्या आठवड्यात सकाळी मी माझं उघडायला गेले, तर आपांच्या शटरच्या कडीला एक कोंबडा बांधलेला. पाय सुतळीनं करकचून आवळलेले. आपा नाहीत, हे आता पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी कुणीतरी नकोसा झालेला कोंबडा त्यांच्याच दारात आणून टाकला आणि तोंड न दाखवता निघून गेलं.

मी सुतळी सोडली, वाटीत पाणी ठेवलं. तो तिथून हलला नाही...