पाहुण्याला दिलेली पिशवी

गोदावरी स्वच्छ ठेवायची म्हणून आमच्या नांदेडात थेट समुद्रापर्यंतच्या नदीकाठच्या लोकांची बैठक भरली. आंध्रच्या किनाऱ्यावरचा एक कोळी आमच्या घरी उतरला. जाळ्यात मासळीपेक्षा कॅरीबॅगाच लई येतात, असं त्यानं हिंदीत सांगितलं. आई हळहळली. हीच माझी आई दर गुरुवारी निर्माल्य कॅरीबॅगेत बांधून, पुलावरून हात जोडून गोदामाईला सोडते. मी डाफरून डाफरून थकलो.

निघताना पाहुण्याला रिकाम्या हातानं कसं धाडायचं? आईनं कॅरीबॅग भरून चिवडा दिला. त्यानं तो खांद्यावरच्या टॉवेलात ओतून घेतला, गाठ मारली आणि रिकामी पिशवी हसत तिच्या हातात ठेवली.

"ही राहू द्या, आई. नदीनं येईलच."