कंडम गिटार

हसायचं तर खुशाल हसा, पण हा विषय माझ्या बायकोसमोर काढू नका. तिच्यापुढे मी अजून मान वर करून बोलत नाही.

मी रेल्वेत, सिग्नल खात्यात. भुसावळहून बदली होऊन जयपूरला आलो. आमच्याकडे एक दंडक आहे, उपकरण उघडून तपासल्याशिवाय त्यावर ‘कंडम’ असा शेरा मारायचा नाही. याबाबतीत मी इतका कडक, की हाताखालची पोरं पाठीमागे मला काय म्हणतात ते इथे सांगण्यासारखं नाही.

तर माझी एक काळी इलेक्ट्रिक गिटार होती. उज्ज्वलाने, म्हणजे बायकोने, तिच्या पहिल्या पगारातून घेऊन दिलेली. पंधरा वर्षं वाजवली. मग तीन वर्षं ती पेटीतच पडून होती, आणि अलीकडे बाहेर काढली तर तिचा आवाजच बसला होता. तार छेडली की नुसतं टक्. झंकार म्हणून नाही! मी जाहीर केलं, गिटार कंडम. राजा पार्क भागातल्या वाद्यांच्या दुकानात जुनी देऊन नवी घ्यायची.

उज्ज्वला म्हणाली, “एकदा उघडून तरी बघा.”

मी काय म्हणावं? म्हणालो, वीस वर्षं बिघाड शोधतोय, मला शिकवू नकोस. तिने हातातला पेचकस परत खणात ठेवला. तिथेच मला कळायला हवं होतं.

तरी दोन आठवडे माझं ठरेना. सकाळी वाटे, ठेवावी. संध्याकाळी वाजवायला बसलो की वाटे, देऊन टाकावी. तेवढ्यात आमच्या क्वार्टर्सचा गणपती तोंडावर आला. स्टेजवर टक् टक् कसं वाजवणार? नेली दुकानात. दुकानदार भला माणूस. म्हणाला, “भाईसाहब, एक बार खोलके देख लूँ?” मी ऐटीत सांगितलं, “इसमें अब जान नहीं रही.” आणि लालभडक नवी गिटार घेऊन घरी आलो. उज्ज्वलाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गणपतीत माझं वाजवून झालं, टाळ्याही पडल्या. मग स्टेजवर कोण चढावं? शेजारचा वानखेडे. अकोल्याचा पोरगा, मालगाडीवर लोको पायलट. आणि त्याच्या गळ्यात माझी काळी गिटार! त्याच दुकानातून आणलेली. त्याने एक तार छेडली आणि अख्खा मांडव भरून गेला. अठरा वर्षांपूर्वीचा तोच आवाज.

खाली उतरल्यावर त्याने खिशातून काळ्या फोमचा तुकडा काढला. “दादा, हे पाहा. कोण्या गाढवानं तारांखाली कोंबून ठेवला असन?”

सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल? मी. वर म्हणालो, “असल्या माणसाच्या हातात वाद्य देऊच नये.”

उज्ज्वला घरी गेली आणि माझं स्कूटरचं हेल्मेट घेऊन आली. आतल्या अस्तरात एक चौकोनी भोक होतं. तिने तो तुकडा त्यात बसवला. अगदी चपखल बसला.

मग सगळं आठवलं. तीन वर्षांपूर्वी वानखेडे शेजारी राहायला आला. रात्रपाळी करून बिचारा दुपारी झोपायचा. त्याची झोपमोड नको म्हणून मीच तो तुकडा कापून तारांखाली सरकवला होता. पुढे वाजवणंच सुटलं; काळ्यावर काळा, दिसला नाही, पार विसरलो. आवाज कमी करायचं बटण असतं, हे कृपा करून सांगू नका. वानखेडेने आधीच सांगितलंय.

आणि तो वर म्हणतो कसा, “दादा, तुमचं आयकूनच तर मले झोप लागे. तुम्ही बंद केलं, म्हणून म्या शिकाचं ठरवलं.”

परत मागायला तोंड कुठे होतं? उज्ज्वलाने पहिल्या पगारातून दिलेली वस्तू मी न तपासता टाकून दिली होती. लाज वाटते हो, खरंच वाटते.

ते हेल्मेट मी बदललेलं नाही. माझ्या डोक्यात पोकळी नेमकी कुठे आहे, ते त्यावरून पटकन दाखवता येतं.