सरकीची गोधडी

गोदाबाईला उभ्या आयुष्यात कोणी हुशार म्हटलं नाही. अमरावतीत आमच्या आळीतल्या बाळंतिणींना आणि तान्ह्या पोरांना न्हाऊ घालणारी बाई, एवढीच तिची ओळख. आमच्याकडे तिची चहाची कपबशीसुद्धा वेगळी, मोरीच्या कोनाड्यात पालथी घातलेली असे. मी आता अकोल्यात मास्तरीण आहे, शहाण्यांची भाषणं पुष्कळ ऐकते. तिच्या पासंगाला पुरेल असा एक भेटलेला नाही.

माझी धाकटी बहीण सिंधू तेव्हा आठ वर्षांची होती. परकराची शिवण टोचली की ती परकर फाडून टाकी. कापसाच्या जिनचा भोंगा झाला की कानांवर हात दाबून किंचाळत सुटे. वेणी घालायची तर दोघींनी तिला धरावं लागे. देवऋषी झाला, ताईत झाला, डॉक्टर झाला, वडिलांची छडीही झाली. आमचे वडील बापूसाहेब वकील. चैत्रात त्यांनी निकाल दिला, दिवाळीपर्यंत पोर माणसात आली नाही तर वेड्यांच्या इस्पितळात. आम्ही सगळे मूग गिळून बसलो.

बोलली ती गोदाबाई. माझ्या तान्ह्या भावाला न्हाऊ घालायला ती रोज येई. आईला म्हणाली, "वहिनीबाई, पोरगी वंगाळ नाई. तिले खरंच दुखते. तुमी हळूच हात फिरवता, त्याचाच तिले चटका लागते. मले पाहू द्या."

ती आधी सांगे, "आता हात धरतो बरं," आणि मगच धरी. मग खांद्यापासून मनगटापर्यंत, कणीक तिंबावी तशी, जोर लावून दाबत जाई. चोळणं नाही, कुरवाळणं नाही. जेवणाआधी सिंधूला विहिरीवरून दोन भरल्या बादल्या आणायला लावी. परकर उलटा घाली, शिवण बाहेर. भोंग्याच्या वेळेआधी कानात कापसाचे बोळे. आणि शेवटी तिने गोधडी शिवली. जुन्या मऊ लुगड्यांचे लहान लहान कप्पे करून त्यांत सरकी, म्हणजे कापसाचं बी, भरली, चांगली पाच शेर. त्या ओझ्याखाली सिंधू पहिल्यांदा सलग झोपली.

"हे कुठं शिकलीस गं?" आईने विचारलं.

"माही बहीण अशीच होती. सरकीच्या पोत्याखाली घुसून निजे. लोकं हासत. म्या पाह्यलं, तिथंच थे चूप राहे."

दसऱ्याला वडिलांनी सिंधूच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. तिने हात मागे घेतला नाही. वडील म्हणाले, "बरं आहे, राहू दे घरीच." आई देवघरात जाऊन रडली.

दसरा होताच गोदाबाई लेकीच्या बाळंतपणाला चांदूर बाजारला गेली, आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे राहणारे वडिलांचे चुलते मोरोपंत वारले. सुतक फिटल्यावर घर धुवायला निघालं. गाद्यांवर गोमूत्र शिंपडून भागलं. गोधडी मात्र गोदाबाईच्या हातची, तिला तेवढ्याने भागेना. आई म्हणाली, "कुंदा, ती हौदात भिजव." मी चौदा वर्षांची घोडी. आत सरकी आहे, भिजली की फुगणार, कुजणार, हे मला कळत होतं. मी भिजवली. दोन दिवसांनी तिला असा वास सुटला की ती उकिरड्यावर गेली.

तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलं. सिंधू तीन रात्रींची जागी होती. बाळापूरच्या आत्याने मायेने तिचा गाल कुरवाळला. सिंधूने हातातला तांब्या फेकला आणि आत्याचं कपाळ फुटलं. मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडाला धार आली. दिवाळीच्या चार दिवस आधी वडील तिला इस्पितळात सोडून आले.

आठवड्याने गोदाबाई परतली. "सिंधू कुठी हाये?" मी सांगितलं. ती ओट्यावर बसली. "काऊन धाडलं वं? बरी होऊन राह्यली होती ना!" मग तिने विचारलं, "गोधडी देल्ली ना तिच्यासंगं?"

मी म्हटलं, "हो."

"मंग निजन थे," ती म्हणाली, आणि डोळे पुसून भावाला न्हाऊ घालायला आत गेली.

पौषात इस्पितळाचं पत्र आलं: मुलगी इतरांच्या खाटांवरच्या गाद्या ओढून स्वतःच्या अंगावर रचते, सबब तिचे हात बांधून ठेवावे लागतात. वडिलांनी ते वाचलं आणि फायलीत लावलं. मी वाचलं आणि गप्प राहिले. आमच्या घराण्यात ते सगळ्यांना उत्तम जमतं.

गोदाबाई पुढे सात वर्षं जगली. रस्त्यात भेटली की डोक्यावरचा पदर सावरून विचारी, "झोपते ना वं सिंधू?"

आणि मी दर वेळी म्हणे, "झोपते."