तुम्ही घरचेच

शेजारी बेसन भाजायला घेतलं की मला सातपूरच्या आमच्या शेठचा बंगला आठवतो. त्यांच्या वर्कशॉपमध्ये मी इन्स्पेक्टर होतो. मशीनवरून उतरलेले धातूचे बुश व्हर्नियरच्या जबड्यात धरून त्यांचं माप तपासायचं, एवढंच माझं काम. शेठच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ते म्हणाले, "देवरे, रुखवताचे लाडू एकसारखे दिसले पाहिजेत. तुमची नजर पक्की. तेवढं बघा, तुम्ही घरचेच."

त्या एका 'घरचेच'वर मी चार दिवस बंगल्यात काढले. परातीपुढे मांडी घालून प्रत्येक लाडवाला खरोखर व्हर्नियर लावला. त्याचे जबडे तुपाने माखले. मग आहेराच्या साड्या पोचवल्या, पाहुणे स्टँडवरून आणले, शेठचा कुत्राही फिरवला. 'नाही' हा शब्द तोंडात आलाच नाही.

लग्नात फोटोग्राफर ओरडला, "आता फक्त घरचे या!" मी शर्ट नीट खोचला आणि स्टेजची पायरी चढलो. शेठ माझ्याकडे बघून गोड हसले आणि शेठाणींची पर्स त्यांनी माझ्या हातात दिली.

"देवरे, तेवढी धरा. फोटोत वाईट दिसते."

पर्स छातीशी धरून मी खाली उभा राहिलो.

शेठ काय, फुकट्याच होता. फुकटात मिळालं ते त्याने वापरलं. किळस येते ती शर्ट खोचणाऱ्या त्या इन्स्पेक्टरची. लाडवातला मिलिमीटरचा फरक त्याला दिसत होता. घरचा आणि घरगडी यांतला दिसला नाही.