रामेश्वरचा डबा मी खाल्ला

रामेश्वर पडल्याचा फोन आला तेव्हा मी त्याचाच डबा खात होतो. चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती. तो पलीकडच्या शेडमध्ये बंद पडलेल्या मशिनपाशी होता आणि माझ्या हातात त्याच्या बायकोनं, सुनंदा वहिनींनी, त्याच्यासाठी केलेल्या भाकरीचा तुकडा होता. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले. आता दीड महिना झाला. लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलतात, डोळे पुसतात... मला मात्र अजून त्याचा रागच येतो. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, हे मला कळतं. पण तो होता तेव्हा मी यापेक्षा जास्त बोललेलो आहे आणि त्यानं एकदाही मनावर घेतलं नाही.

आम्ही दोघं बरोबरच कामाला लागलो, तो मेंटेनन्सला फिटर, मी स्टोअरमध्ये. घरंही पुंडलिकनगरात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मशिनच्या बाबतीत त्याच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. तेल कोणतं, किती, किती तासांनी, सगळं तोंडपाठ. कुणी हलकं ग्रीस भरलं तर चारचौघांत त्याची खरडपट्टी निघायची. स्वतःच्या पोटात मात्र काहीही, कधीही. मशिन बिघडलं की जेवण राहायचं, मग चार वाजता गेटबाहेरच्या टपरीवर उभ्याउभ्या भजी आणि वर दोन कट चहा, गोडमिट्ट. कामापायी वेळ मिळत नाही, म्हणायचा. ते निम्मं खरं होतं. निम्मे लाड जिभेचे होते, कारण रविवारी जुन्या शहरात जाऊन मटणाचा तर्रीदार नान-खलिया हाणायला त्याला वेळ बरोबर सापडायचा.

साखर आणि बीपी दोन्ही निघालं तेव्हा वहिनींनी कंबर कसली. पहाटे उठून ज्वारीच्या दोन भाकरी, मेथी नाहीतर दोडका, मुगाचं वरण, काकडी. मीठ नावाला. पहिल्याच आठवड्यात त्यानं तो डबा माझ्यासमोर उघडला, वास घेतला आणि माझ्या डब्याकडे बघितलं. माझ्याकडे तेलात खरपूस परतलेला बटाटा होता, पोळ्या होत्या, गुळांबा होता. आजच्या दिवस अदलाबदल करू, म्हणाला. मी खवळलो. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "हे बघ अशोक, भरला डबा घरी नेला तर ती बी जेवत नाय. टाकून दिला तर अन्नाचं पाप. आता तूच सांग, काय करू?"

आमच्याकडे डबा रिकामा आला म्हणजे माणूस जेवला. आणखी काही विचारत नाहीत. वहिनी रोज संध्याकाळी झाकण उघडून बघायच्या आणि मगच त्यांच्या जिवाला बरं वाटायचं. म्हणून मी खाल्ला. एकच दिवस, असं ठरलं होतं. त्यावर तीन वर्षं गेली. रोज मी त्याला शिव्या देत होतो आणि रोज शेवटच्या घासापर्यंत त्याचा डबा संपवत होतो.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून एका रविवारी मी त्याला दौलताबादला नेलं. किल्ला अर्धा चढला, धापा टाकत बसला, चेहरा असा केला की मलाच अपराधी वाटलं. खाली आल्यावर म्हणाला, एवढं चढलो, आता खायला हरकत नाही. मिरची भज्यांच्या दोन प्लेटी झाल्या. मी तोंड फिरवून उभा राहिलो तर त्यानं रस्त्यावरच्या बाईकडून पेरू घेतला आणि म्हणाला, "घे, फळ बी खाल्लं. अजून काय पाहिजे तुला?" परतताना मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. तो गाडीवर मागे बसून गाणं गुणगुणत होता.

साखर काही हटेना. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, वहिनींनी डबा आणखी कडक केला. तेल गेलं, मीठ गेलं, दोनाची एक भाकरी झाली. ते सगळं पथ्य निमूटपणे माझ्या पोटात जात होतं. कारखान्यातल्या तपासणीत माझी साखर पूर्वी हद्दीवर निघाली होती, ती खाली आली. वजन उतरलं. "बघा, माझ्यामुळं सुधरला ह्यो," असं त्यानं अख्ख्या शेडला सांगितलं आणि मीही दात काढले. वहिनींना सांगून टाकावं असं दोनदा मनात आलं होतं. मित्राची चहाडी कशी करायची, म्हणून गप्प बसलो. एवढा कसला मोठा मित्र मी!

त्या दिवशीचा डबा माझ्याकडेच राहिला होता. गेल्या आठवड्यात तो द्यायला गेलो. वहिनी येईल त्याला एकच सांगत होत्या, तेच मलाही म्हणाल्या. "डॉक्टरनं सांगितलं तसंच केलं हो भाऊजी. तरी माझ्याच हातून कायतरी चुकलं. माझाच डबा कमी पडला."

मला ते ऐकवेना. सगळं सांगून टाकलं, पहिल्या दिवसापासून.

त्यांनी डब्याचं झाकण उघडून आत बघितलं. मग विचारलं, "रोज?"

"रोज."

"मंग तुमची साखर कशी हाय?"

पूर्वी वाढली होती, आता ठीक आहे, म्हणालो. त्यांनी रिपोर्ट मागितला. मोबाईलमध्ये फोटो होता. चष्मा लावून त्यांनी तो आकडा वाचला, बोट ठेवून पुन्हा वाचला.

"म्हंजी माझा डबा बरोबर व्हता," त्या म्हणाल्या.

"बरोबर होता, वहिनी."

मोबाईल हातात तसाच धरून त्या रडायला लागल्या. मी समोर बसून राहिलो, त्यांच्या हातचं खाऊन धडधाकट झालेला.